शाळेचा जुना संगणक आणि मामांची यादी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझ्याआधी जे बोलले त्यांच्यापैकी कुणी पुण्याहून आलंय, कुणी हैदराबादहून, एक जण तर विमानानं आलेत. मी परभणीहून जिंतूर रोडनं मोटारसायकलवर आलो. परभणीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, एका शटरचं. त्यामुळं यशाची गाथा वगैरे माझ्याकडं काही नाही. पण संयोजकांनी बजावून सांगितलं, "तू दुसरं काही बोलू नको. ऑफिसमधल्या त्या जुन्या कॉम्प्युटरचं सांग. मामांची यादी कशी वाचली तेवढं सांग." म्हणून उभा राहिलो. थोडं यंत्राचं बोलावं लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

तुम्हा सगळ्यांना या मेळाव्याचं निमंत्रण मिळालं. कुणाला फोन आला, कुणाला व्हॉट्सॲपवर पत्रिका आली, कुणाच्या गावी माणूस जाऊन सांगून आला. तुमची नावं, वडिलांची नावं, गावं आम्हाला मिळाली कुठून? ती मामांच्या यादीतून मिळाली. मामा म्हणजे आपले लेखनिक. त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे मामाच म्हणायचे. दाखला मागायला गेलं की चष्म्यावरून बघायचे आणि आधी विचारायचे, "कुणाचा रे तू?"

पन्नाशी ओलांडल्यावर मामांनी एमएस-सीआयटीचा कोर्स केला. शासकीय नोकरीत तो करावाच लागे, म्हणून करणारे पुष्कळ होते. मामांना मात्र त्याची गोडी लागली. मग त्यांनी मनानंच एक काम काढलं. शाळेतून दहावी झालेल्या प्रत्येक पोराचं आणि पोरीचं नाव बॅचप्रमाणे टाइप करायचं. नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि माहीत असेल तर पुढं काय करतो ते. कुणी सांगितलेलं नव्हतं, भत्ता नव्हता. ते भारनियमनाचे दिवस होते. लाईट कधी येणार याचं वेळापत्रक त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असायचं आणि लाईट असेल तेव्हा, शाळा सुटल्यावर, ते एक-एक बॅच करायचे. अडीच हजारांच्या वर नावं त्यांनी एका बोटानं टाइप केली. मामा निवृत्त झाले, पुढं दोन वर्षांत गेले. यादी त्या कॉम्प्युटरमध्ये राहिली.

आता कॉम्प्युटरचं. २०१९ च्या मे महिन्यात सरांचा फोन आला. म्हणाले, "वर्ड उघडायला पाव तास लागायला. दाखले अडकलेत. येऊन बघ." मी गेलो. मशीन विंडोज ७ चं, दोन जीबी रॅम, डबा आतून धुळीनं भरलेला. वर्डवर टिचकी मारली की एक पट्टी यायची, ऑफिस कॉन्फिगर होतंय, थांबा. ती पट्टी हळूहळू भरायची, मग वर्ड उघडायचं. बंद करून परत उघडलं की पुन्हा तीच पट्टी. एक्सेलचंही तेच.

आमच्या धंद्यात अशा वेळी एक ठरलेलं वाक्य आहे, "फॉरमॅट मारू." गिऱ्हाईकही तेच म्हणतं. फॉरमॅट म्हणजे घरात झुरळं झाली म्हणून घरच पाडून नवं बांधायचं. कधीकधी तेच करावं लागतं, नाही असं नाही. पण सामान कुठं कुठं ठेवलंय हे माहीत नसताना घर पाडू नये. म्हणून मी आधी दुखणं काय ते बघितलं.

दुखणं असं होतं. मशीनबरोबर ऑफिस २००७ आलं होतं, खरं, किल्लीसह. नंतर कधीतरी कुणीतरी दुरुस्तीला आलेल्या माणसानं त्याच्यावरच ऑफिस २०१३ ची चोरटी प्रत टाकली, आणि ती नीट चालेना म्हणून अर्धवट काढली. एका मशीनवर वर्डच्या दोन आवृत्त्या असल्या की ज्याला उघडाल तो म्हणतो, या फायली माझ्या. तो सगळी नोंद आपल्या नावावर करून घेतो, आणि ती पट्टी म्हणजे हा फेरफार चाललेला असतो. दोन भाऊ एकाच सातबाऱ्यावर रोज सकाळी नाव बदलून घेतायत, असा प्रकार. त्यात एक भाऊ अर्धा मेलेला.

अशा वेळी सगळं काढण्याच्या आधी करून बघायच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या इथं बसलेल्या शिक्षकांना उपयोगी पडतील म्हणून सांगतो. वर्ड 'सेफ मोड'मध्ये उघडून बघायचं. तिथं नीट चाललं तर दोष वर्डमध्ये नाही, त्याला चिकटलेल्या एखाद्या जोडकामात किंवा 'नॉर्मल' नावाच्या टेम्प्लेटमध्ये आहे. त्या टेम्प्लेटचं नाव बदलून ठेवलं की वर्ड स्वतःसाठी नवीन बनवून घेतं. आणि कंट्रोल पॅनेलमध्ये ऑफिसच्या नावावर 'चेंज' दाबलं की 'रिपेअर' येतं. दहा मशीनपैकी निम्म्या इथंच सुधारतात. आपलं नाही सुधारलं. रिपेअर अर्ध्यात थांबायचं आणि २०१३ च्या सेटअपची फाइल मागायचं, जी कुणाकडंच नव्हती.

मग ठरवलं, दोन्ही ऑफिस मुळापासून काढायची आणि २००७ पुन्हा बसवायचं. सर म्हणाले, नवीन का नाही टाकत? नवीन टाकायला मशीन तेवढं पाहिजे, आणि पैसे. शाळेकडं दोन्ही नव्हतं. शिवाय निकालाचा सगळा तक्ता गणिताच्या सरांनी एक्सेल २००७ मध्ये मॅक्रो लिहून बसवलेला. मायक्रोसॉफ्टनं २००७ ची देखभाल १० ऑक्टोबर २०१७ ला थांबवली होती हे मला माहीत होतं. मी सरांना सांगितलं, या मशीनला इंटरनेटची वायर लावायची नाही, 'सरल'चं आणि शालार्थचं काम दुसऱ्या मशीनवर करायचं, हे फक्त दाखले आणि निकाल करेल. ते कबूल झाले.

आता मूळ मुद्दा. प्रोग्राम काढला तर आपलं लिहिलेलं जात नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. ऑफिस म्हणजे पेन, फाइल म्हणजे वही. पेन फेकलं म्हणून वही जात नाही. पण काही गोष्टी अशा असतात की त्या वहीत नसतात, पेनाच्या टोपणात असतात. माणूस वही जपतो आणि टोपण फेकतो. गणिताच्या सरांचे मॅक्रो निकालाच्या फाइलमध्ये नव्हते, एक्सेलच्या स्वतःच्या 'पर्सनल' नावाच्या वर्कबुकमध्ये होते, ती यूजरच्या फोल्डरमध्ये खोल कुठंतरी, लपवलेली. दाखल्याचा छापील नमुना टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये. साध्या अनइन्स्टॉलनं या गोष्टी बहुधा जागच्या जागी राहतात. पण 'पूर्ण काढायचं' म्हणून उरलेलं खरवडायला घेतलं की पहिल्यांदा हेच खरवडलं जातं. मी त्या सगळ्या काढून पेनड्राइव्हवर घेतल्या, आणि पेनड्राइव्हवर माझा विश्वास नसल्यामुळं डीव्हीडीवरही. मामांची यादी घेतली. सगळ्या वर्ड फायली घेतल्या. खूश झालो.

मग किल्लीचा शोध. पंचवीस अक्षरांची ती किल्ली सीडीच्या डब्यावर चिकटवलेली असते. पुढच्या काळातल्या ऑफिसात तर मशीनला विचारलं तरी ते किल्लीची शेवटची पाचच अक्षरं सांगतं. म्हणून डबा सापडल्याशिवाय काढायला हात घालायचा नाही, हा माझा नियम. शाळेच्या कपाटात डबा नव्हता. सगळ्यांनी शोधला. शेवटी शिपाई म्हणाले, मामांच्या खणात बघा. खणात वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून, कागदावर मामांच्या अक्षरात 'कॉम्प्युटरची सीडी. टाकून देऊ नये.' असं लिहिलेलं. दिवाळीत मिठाईचे बॉक्स बांधतात तसं बांधलेलं. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, कुणी उघडलं नव्हतं.

काढायला सुरुवात केली. जे शेवटी बसवलं ते आधी काढायचं, म्हणजे २०१३ चे अवशेष आधी, मग २००७. मे महिन्यातली दुपार, परभणीचं ऊन तुम्हाला सांगायला नको. ऑफिसचा पत्रा तडतडत होता. २००७ काढण्याची पट्टी साठ-सत्तर टक्क्यांवर आली आणि लाईट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेली होती आणि मी ती आधी तपासली नव्हती. ही माझी पहिली चूक.

लाईट दोन तासांनी आली. मशीन सुरू झालं. आता यादीत ऑफिसचं नावच नाही, म्हणजे काढायला काही नाही, आणि बसवायला गेलं तर सेटअप म्हणतं आधीचं ऑफिस अजून आहे. नवरा-बायको दोघं म्हणतायत घटस्फोट झाला, आणि कोर्ट म्हणतंय नाही झाला. अशा अर्धवट अवस्थेसाठी मायक्रोसॉफ्टनंच साफसफाईची वेगळी हत्यारं काढलेली होती, प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी. ती दुसऱ्या मशीनवरून आणली, चालवली. त्यानंतर सी ड्राइव्हच्या तोंडाशी ऑफिसचं एक लपलेलं फोल्डर असतं, 'एमएसओकॅश', त्यात सेटअपची नक्कल असते, ते काढलं. प्रोग्राम फाइल्समधलं रिकामं राहिलेलं ऑफिसचं फोल्डर काढलं. रजिस्ट्रीत हात घातला, पण आधी तिची प्रत काढून. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं दप्तर. तलाठ्याच्या दप्तरात जसं ओळखीच्या नावावर बोट ठेवल्याशिवाय खाडाखोड करत नाहीत, तसं इथं. जे ओळखत नाही त्याला हात लावू नये. 'शेअर्ड' नाव असलेलं फोल्डर दिसलं की ते सोडून द्यावं, त्यातलं दुसरेही प्रोग्राम वापरतात.

हे सगळं करताना मला एक प्रकारचा जोर चढला. साफसफाईचा. दिवाळीत बायका माळा काढायला घेतात तेव्हा चढतो तसा. प्रोग्रामांच्या यादीत एक जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम होता. उघडत नव्हता, त्याला मागं लावायचं कुलूप, डोंगल म्हणतात ते, कधीच हरवलं होतं. मी म्हणालो, हे कशाला अडगळ, आणि तोही काढून टाकला. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा फार मोठी.

ऑफिस बसवलं. फक्त वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट घेतलं, बाकी काही नाही, जुन्या मशीनवर ओझं कशाला. वर तिसरा सर्व्हिस पॅक टाकला. किल्ली घातली, फोनवरून ते लांबलचक आकडे सांगून चालू करून घेतलं. पट्टी नाही, काही नाही, वर्ड टचकन उघडलं. मॅक्रो परत ठेवले, निकालाचा तक्ता उघडला. दाखल्याचा नमुना उघडला. सरांनी चहा सांगितला. मग मी मामांची यादी उघडली.

यादीत एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, मध्ये कंस, डॉलरची खूण, डोक्यावर ठिपके असलेली परदेशी अक्षरं, पानंच्या पानं. सर माझ्या खांद्यावरून बघत होते. काही बोलले नाहीत. चहा गार झाला.

काय झालं होतं ते सांगतो, कारण हे तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी, दुकानात, सोसायटीत होऊ शकतं. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते युनिकोड. त्यात 'क' ला स्वतःचा क्रमांक आहे, जगात कुठंही तो 'क'च राहतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, देवनागरी तेव्हापासून त्यात आहे. पण आपल्याकडच्या साध्या कॉम्प्युटरवर ते रुळायला फार वर्षं गेली. विंडोज एक्सपीवरसुद्धा मराठीसाठी वेगळी खूण करून, विंडोजची सीडी घालून ते चालू करावं लागायचं. तोपर्यंत सगळा कारभार वेगळ्या युक्तीवर चालला. पुण्याच्या सी-डॅकची आयएसएम, मॉड्युलरची श्रीलिपी, शिवाजी, असे किती तरी फॉन्ट. ही मंडळी नसती तर त्या काळात मराठी छापलंच गेलं नसतं, हेही खरं. पण त्यांची युक्ती अशी होती की फाइलमध्ये इंग्रजी अक्षराचाच क्रमांक ठेवायचा, आणि फॉन्टमध्ये त्या जागी मराठी आकार काढून ठेवायचा. म्हणजे कॉम्प्युटर समजतो इंग्रजी, आपल्याला दिसतं मराठी. आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाच्या फाइलला दुसऱ्याचा फॉन्ट लावला की सगळं बिघडलं.

मामांनी अडीच हजार नावं टाइप केली ती अशी. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच. मराठी होतं फॉन्टमध्ये. आणि तो फॉन्ट त्या टायपिंगच्या प्रोग्रामबरोबर आला होता, त्याच्याबरोबरच गेला. मी फाइल जपली, दोन-दोन ठिकाणी, आणि फॉन्ट पुसला. डीव्हीडीवरही तीच इंग्रजी अक्षरं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. मामांच्या घरी तोंड कसं दाखवायचं, हेच डोक्यात. त्यांच्या मुलाला मी ओळखतो, माझ्याच दुकानात मोबाइल दुरुस्तीला देतो.

वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत फॉन्टचं नाव तेवढं दिसत होतं. ते नाव कागदावर लिहून मी परभणीत हिंडलो. कोर्टापुढचे टायपिंगवाले, झेरॉक्सवाले, कुणाकडं मिळेना. तिसऱ्या दिवशी एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं गेलो. म्हातारे गृहस्थ, जुनं मशीन जपून ठेवलेलं, मागं डोंगल लावलेलं, त्यावर गणपतीचं चिकटचित्र. मी नाव सांगितलं. म्हणाले, "आहे. तुम्ही सगळे एकदा तरी येता माझ्याकडं, फाइल घेऊन, फॉन्ट हरवून." त्यांनी माझी फाइल त्यांच्या मशीनवर उघडली. पहिल्या पानावर मामांनी घातलेला मथळा दिसला, आपल्या शाळेचं नाव, ठळक, खाली दोन रेघा. मी तिथल्या स्टुलावर बसलो.

त्यांनी तिथल्या तिथं पीडीएफ करून दिली आणि सगळी यादी कागदावर छापूनही दिली. पैसे घेतले कागदाचे. म्हणाले, आधी कागदावर घे, बाकी मग.

बाकी म्हणजे युनिकोड करणं. ते काम पुढं चार महिने चाललं, दुकान सांभाळून, रात्री. बदलून देणारे तयार प्रोग्राम मिळतात, पण ते प्रत्येक फॉन्टला चालत नाहीत. मी वर्डमध्येच शोधा-आणि-बदला अशी सारणी केली, या खुणेच्या जागी हे अक्षर. सोपं वाटतं. पण आपल्या ऱ्हस्व वेलांटीची गंमत बघा. आपण ती हातानं व्यंजनाच्या आधी काढतो, बोलताना मात्र नंतर. जुन्या फॉन्टात ती टाइपही आधी व्हायची. नुसती अदलाबदल केली की वेलांटी मागच्या नावाला जाऊन लटकते. किशनची वेलांटी त्याच्या आधीच्या माणसाला, विठ्ठलची तिसऱ्यालाच. रफाराचं उलटं, तो टाइप व्हायचा शेवटी, बोलायचा आधी. शर्मिला, अर्जुन, पार्वती, सगळ्यांचे रफार एक घर पुढं. वेलांटी एक घर पुढं न्यायची आणि रफार एक घर मागं आणायचा, पण पुढं जोडाक्षर असेल तर दोन घरं, असे नियम करत करत गेलो. आणि क्रमवारीचं तर विचारू नका. मामांनी आडनावांप्रमाणे लावायचा प्रयत्न केलेला दिसत होता, पण कॉम्प्युटरनं ती इंग्रजी खुणांप्रमाणे लावली होती. म्हणून 'ज्ञ' आधी आणि 'अ' मध्येच कुठंतरी. मामांना हे कळलं नसावं, की कळूनही त्यांनी सोडून दिलं असावं, देव जाणे.

छापलेला कागद शेजारी ठेवून मी एक-एक नाव ताडून बघितलं. जिथं शंका आली तिथं शाळेचं जनरल रजिस्टर. एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली, ती इथं सांगतो. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या काळचं पुष्कळ दप्तर उर्दूत, काही मोडीत. पुढं २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा शाळांची, तहसिलांची जुनी रजिस्टरं बाहेर काढली गेली. कागद होता, शाई होती, अक्षर सुंदर होतं, आणि वाचणारा माणूस शोधत फिरावं लागलं. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे म्हातारे हुडकून आणले. मामांची यादी तर फार तर पंधरा वर्षांची होती. पंधरा वर्षांत मोडी झाली होती तिची. वाचणारा एक म्हातारा परभणीत लग्नपत्रिका छापत होता, हे आपलं नशीब.

मोडी निदान वर्षानुवर्षं चालली. आमच्या धंद्यात दहा वर्षं म्हणजे युग. त्या विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोज १० आला, त्याचीही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तोच आहे, मला माहीत आहे, कारण फोन येतात. काढा, नवीन बसवा, काही हरकत नाही. लिब्रे ऑफिस बसवा, ते फुकट आहे, मराठी चांगलं दाखवतं, जुन्या वर्डच्या फायली उघडतं. मी शाळेच्या दुसऱ्या मशीनवर तेच बसवलंय. पण कुठलंही ऑफिस काढण्याच्या आदल्या दिवशी घरातली एखादी जुनी मराठी फाइल उघडून त्यातला मजकूर कॉपी करा आणि मोबाइलवर स्वतःलाच पाठवून बघा. मोबाइलवर मराठी दिसलं तर निर्धास्त. इंग्रजी कचरा दिसला तर थांबा. आधी तो फॉन्ट कुठं आहे बघा, तो वेगळा ठेवा, फाइलची पीडीएफ करा, छापून घ्या. सोसायटीची इतिवृत्तं, मंदिराच्या वर्गणीच्या याद्या, आजोबांच्या आठवणी, वाटणीपत्रं, कितीतरी घरांत असं पडून आहे. दुकानात मी आता कुठलंही जुनं मशीन घेतलं की फॉरमॅटच्या आधी फॉन्टचं फोल्डर पूर्ण उचलून ठेवतो. गिऱ्हाईक हसतं. हसू दे.

हे चार महिन्यांचं काम झाल्यावर मी मामांच्या मुलाकडं गेलो आणि काय झालं ते सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा तर रोज संध्याकाळी शाळेतून उशिरा यायचे. आई चिडायची. आम्हाला वाटायचं पत्त्याला बसतात." त्याला मी छापील यादी दिली. त्यानं पहिल्यांदा स्वतःची बॅच काढली आणि स्वतःचं नाव बघितलं. मामांनी पोराच्या नावापुढं 'पुढं काय करतो' या रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं. तेव्हा तो बेकार होता. आम्ही दोघंही हसलो.

तर आता यादी युनिकोडमध्ये आहे, पीडीएफमध्ये आहे, आणि कागदावर तीन प्रती आहेत, एक शाळेत, एक मामांच्या घरी, एक माझ्याकडं. या मेळाव्याच्या वेळी ती बॅचप्रमाणे मोबाइलवर फिरवता आली. ते जुनं मशीन अजून ऑफिसात आहे, यूपीएसची बॅटरी नवी आहे, इंटरनेटची वायर अजून लावलेली नाही. मधल्या सुट्टीत बघून या.

एकच काम राहिलंय आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही. त्या पत्रिकावाल्यांचा फॉन्ट नावानं तोच होता, पण आवृत्ती वेगळी. काही जोडाक्षरांच्या जागी तिथं रिकामी चौकट आली. रजिस्टरातली ती पानं वाळवीनं खाल्लेली. बहुतेक नावं गुरुजींनी आठवून सांगितली, पण सात नावं लागत नाहीत. उदाहरणार्थ, १९९१ ची बॅच, मुलगी, नाव 'द' च्या जोडाक्षरानं सुरू होतं, पुढं 'का' आहे की 'पदी' तेही नीट उमटलेलं नाही. द्वारका असेल, द्रौपदी असेल. गाव टाकळी कुंभकर्ण. दुसरा एक मुलगा बोरीचा, वडिलांचं नाव पूर्ण आहे आणि त्याचं स्वतःचंच गेलंय. अशा सात ओळी मी मोठ्या अक्षरात छापून आणल्यात. जेवणाच्या मंडपात, हात धुवायच्या टाकीशेजारी लावल्यात. पेन दोरीनं बांधलाय, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. १९९१ च्या बॅचच्या बायका इथं बऱ्याच दिसतायत. जेवायला बसायच्या आधी तेवढं बघून घ्या.